दीर्घकालीन कास आणि श्वासपरीक्षा : संशय आधी, यंत्र नंतर

आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांमध्ये जुनाट खोकल्याच्या रुग्णांचे प्रमाण मोठे असते. हा रुग्ण बहुधा थेट आपल्याकडे येत नाही. दोन-तीन ठिकाणी औषधे झालेली असतात, प्रतिजैविकांचे एक-दोन क्रम पूर्ण झालेले असतात, खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि मग घरातील कोणीतरी वडीलधारी व्यक्ती "आता वैद्यांना दाखवून बघ" असे सांगते. अलीकडे अशा रुग्णाच्या पिशवीत आणखी एक कागद दिसू लागला आहे. त्यावर फुंकर मारून काढलेला एक आलेख असतो, किंवा श्वासातील नायट्रिक ऑक्साइडचा आकडा लिहिलेला असतो. या कागदाचे करायचे काय, याविषयी वैद्यवर्गात दोन टोकांची मते आढळतात. काहींच्या मते हा कागद आपल्या शास्त्राचा नव्हे, म्हणून तो घडी घालून परत द्यावा. काहींच्या मते तो कागद म्हणजेच निदान, आपण केवळ औषध योजावे. ही दोन्ही मते आम्हांस रुग्णाच्या हिताची वाटत नाहीत. त्यांचा विचार व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

शास्त्राचा आधार

"चरकाचार्यांकडे कोठे यंत्र होते ?" असा प्रश्न या संदर्भात नेहमी विचारला जातो. यंत्र नव्हते हे खरे. परंतु संशय आल्यावर बाह्य साधनाची मदत घेण्याची दृष्टी निश्चित होती. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रोगविशेष जाणण्याचे उपाय सांगताना आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तिघांचा विचार आला आहे. अग्नीचे ज्ञान जरणशक्तीवरून आणि बलाचे ज्ञान व्यायामशक्तीवरून अनुमानाने करावे, हे तेथेच सांगितले आहे. त्याच अध्यायातील एक उदाहरण येथे फार उपयोगी पडते. रुग्णाच्या शरीरातून पडणारे रक्त हे शुद्ध जीवरक्त आहे की रक्तपित्त, असा संदेह निर्माण झाला, तर ते रक्त कुत्र्याने वा कावळ्याने खाल्ले की नाही यावरून निर्णय करावा, असे तेथे म्हटले आहे. खाल्ले तर जीवरक्त, न खाल्ले तर रक्तपित्त.

या उदाहरणाकडे बारकाईने पाहिले, तर परीक्षेचे संपूर्ण तंत्र त्यात सापडते. प्रथम वैद्याने रुग्णाला पाहिले आहे. पाहून दोन शक्यता मनात उभ्या राहिल्या आहेत. त्या दोहोंमधील निवड केवळ दर्शन-स्पर्शन-प्रश्नाने होत नाही, म्हणून बाहेरची परीक्षा योजली आहे, आणि तिच्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर घेतले आहे. रक्तपित्ताची साध्यासाध्यता, त्याची गती, रुग्णाचे बल, औषधयोजना हे सारे वैद्याकडेच राहिले आहे. संशय आधी आणि साधन नंतर, असा हा क्रम आहे. श्वासपरीक्षांच्या बाबतीत आम्ही याच क्रमाचा आग्रह धरू इच्छितो.

परंपरेने नवी साधने स्वीकारली नाहीत, असेही म्हणता येत नाही. ज्या नाडीपरीक्षेला आज आपण आयुर्वेदाची ओळख मानतो, तिचे स्वतंत्र विवेचन बृहत्त्रयीत नाही. ते शार्ङ्गधर संहितेत येते. अष्टविध परीक्षा योगरत्नाकराने रूढ केली. उपयुक्त साधन पारखून आत घेणे, ही आपल्या शास्त्राची जुनीच रीत आहे.

कासाची उपेक्षा का परवडत नाही

कासाकडे केवळ एक त्रासदायक लक्षण म्हणून पाहणे शास्त्राला मान्य नाही. एक रोग दुसऱ्या रोगाचे कारण कसा होतो हे सांगताना प्रतिश्यायातून कास आणि कासातून क्षय ही परंपरा चरक निदानस्थानात आली आहे. कास वाढून श्वास होतो, हेही वाग्भटांनी सांगितले आहे. तमक श्वासाच्या लक्षणांत पीनस आणि कास यांचा उल्लेख आहेच. म्हणजे जुनाट खोकल्याच्या प्रत्येक रुग्णापुढे वैद्याच्या मनात किमान दोन प्रश्न उभे राहिले पाहिजेत. हा क्षयाकडे चालला आहे काय ? हा श्वासाकडे चालला आहे काय, किंवा आताच श्वास आहे आणि केवळ कासाच्या रूपाने व्यक्त होत आहे काय ?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर श्वासपरीक्षा देत नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. आपल्या देशात दोन आठवडे वा अधिक काळ खोकला असलेल्या व्यक्तीची क्षयरोगासाठी तपासणी करावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. बेडक्याची तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांना पर्याय नाही. भारतात विकसित झालेल्या 'ट्रूनॅट' या चाचणीला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली, आणि अशा जनुकीय चाचण्या आता सरकारी यंत्रणेमार्फत उपलब्ध आहेत. क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खाजगी व्यावसायिकांनाही बंधनकारक आहे. सितोपलादी चूर्ण देऊन "महिन्याने या" असे सांगितलेला रुग्ण जर सक्रिय क्षयाचा असेल, तर त्या महिन्यात त्याच्या घरातील लहान मुलेही धोक्यात येतात. शिवाय, सक्रिय क्षयाचा संशय असताना रुग्णाला जोराने फुंकर मारावयास लावणे हे तंत्रज्ञाच्या व पुढील रुग्णाच्या दृष्टीनेही गैर आहे. म्हणून बेडका आणि एक्स-रे आधी, श्वासपरीक्षा नंतर.

श्वासपरीक्षा काय सांगतात

प्रौढ व्यक्तीत आठ आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या खोकल्यास आधुनिक वैद्यक दीर्घकालीन मानते. एक्स-रे निर्दोष आहे, धूम्रपान नाही, आणि खोकला मात्र चालूच आहे, अशा वेळी नाक व सायनस यांचे विकार, दमा, दम्याविना होणारा इओसिनोफिलयुक्त श्वासनलिकाशोथ आणि आम्लाचे ऊर्ध्वगमन ही कारणे प्रामुख्याने शोधली जातात. रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील औषधांनीही कोरडा, चिवट खोकला होतो. तो ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटे पाहावी लागतात. मात्र ते औषध आपण परस्पर बंद न करता, ज्या डॉक्टरांनी दिले त्यांच्याकडे चिठ्ठीसह पाठविणे उचित.

पहिली परीक्षा स्पायरोमेट्री. लंडन येथे जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटरविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले, आणि फुफ्फुसांत किती वायू मावतो याचे मापन शक्य झाले. आज या परीक्षेत दोन गोष्टी पाहिल्या जातात : पूर्ण श्वास भरून जोराने सोडल्यावर एकूण किती वायू बाहेर पडला, आणि त्यांपैकी पहिल्या एका सेकंदात किती पडला. पहिल्या सेकंदाचे प्रमाण घटलेले असेल, तर वायूच्या मार्गात अवरोध आहे. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन परीक्षा पुन्हा केली असता हा अवरोध बराच सुटला, तर दम्याचा संशय बळावतो. औषधानंतरही हे गुणोत्तर ०.७० च्या खालीच राहिले, तर कायमच्या अवरोधाचा, म्हणजे सीओपीडीचा विचार करावा लागतो. या रोगाला केवळ विडी-सिगारेट कारण असते, हा समज चुकीचा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील या रोगाकडे लक्ष वेधले. आयुष्यभर चुलीपुढे बसलेली, कधीही विडीला हात न लावलेली ग्रामीण भगिनी "जुना कफ आहे" म्हणून आपल्याकडे येते, तेव्हा हे आठवावे.

दुसरी परीक्षा पीक फ्लो मीटरची. हे लहानसे, स्वस्त, विजेविना चालणारे साधन ब्रिटनमधील मार्टिन राइट यांनी १९५० च्या दशकात केलेल्या यंत्राचे सुटसुटीत रूप आहे. एकदा फुंकर मारून यातून फारसे कळत नाही. रुग्णाने दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून आणले आणि त्यांत सरासरी २० टक्के वा अधिक चढउतार दिसला, तर दम्याकडे निर्देश होतो. दिवस-रात्र, ऋतू आणि आहार यांनुसार व्याधीचे बल बदलते, हे आपण शिकतोच. या वहीत ते बदल डोळ्यांना दिसतात.

तिसरी परीक्षा तुलनेने नवी आहे. बाहेर टाकलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड अत्यल्प प्रमाणात असतो, हे १९९१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. दम्याच्या रुग्णांत तो वाढलेला असतो, हे १९९३ मध्ये पुढे आले. श्वासनलिकेच्या आतील आवरणात विशिष्ट प्रकारचा, इओसिनोफिल पेशींशी निगडित शोथ असेल, तर हा वायू अधिक निर्माण होतो. रुग्णाने खोल श्वास घेऊन ठरावीक संथ गतीने सुमारे दहा सेकंद श्वास सोडावयाचा, आणि यंत्राने शंभर कोटी भागांत किती भाग, म्हणजे 'पीपीबी' या एककात आकडा दाखवावयाचा, अशी ही सोपी परीक्षा आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रौढांत २५ पेक्षा कमी आकडा खालचा आणि ५० पेक्षा अधिक आकडा वरचा मानतात. ब्रिटनमध्ये २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शिकेने, दम्याला अनुकूल इतिहास असलेल्या प्रौढात ५० वा अधिक आकडा निदानास पुरेसा मानला आहे. त्यातील 'अनुकूल इतिहास असलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संशय आधी, हाच नियम तेथेही आहे.

खोकल्याच्या रुग्णात या परीक्षेचे विशेष महत्त्व का, हेही पाहू. घरघर नाही, दम लागत नाही, स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, केवळ रात्री व पहाटे खोकला येतो, आणि तरीही मूळ व्याधी दमाच असते, असा प्रकार १९७९ पासून आधुनिक वैद्यकात नोंदला गेला आहे. असा रुग्ण शुष्क कासाची सर्व लक्षणे घेऊन येतो. त्याला वातज कास समजून स्निग्ध चिकित्सा चालू राहते आणि श्वासाचे बीज मात्र आत वाढत राहते. येथे वरचा आकडा वैद्याला सावध करतो.

आकड्याच्या मर्यादा

परंतु आकडा स्वतंत्रपणे बोलत नाही. धूम्रपान करणाऱ्यात तो खाली येतो. नाकाच्या ॲलर्जीने तो दमा नसतानाही वर जातो. पालक, बीट यांसारखा नायट्रेटयुक्त आहार घेतल्याने तो वाढतो. म्हणून परीक्षेपूर्वी किमान एक तास खाणे-पिणे, धूम्रपान व व्यायाम टाळावा. स्पायरोमेट्रीच्या जोराच्या फुंकरीनेही तो बदलतो, यास्तव दोन्ही परीक्षा एकाच दिवशी असतील, तर नायट्रिक ऑक्साइडची आधी करावी. स्टेरॉइड औषधांनी तो झपाट्याने उतरतो. दम्यावर म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ आढळल्याचे वैद्यकीय साहित्यात नमूद आहे. अशी पुडी घेणाऱ्या रुग्णाचा आकडा उत्तम दिसेल आणि रुग्ण मात्र धोक्यात असेल.

आकडा कमी आला म्हणून दमा नाही, असे ठरत नाही. सर्व प्रकारच्या दम्यात हा शोथ नसतो. आकडा जास्त आला म्हणून दमाच, असेही नाही; वर उल्लेखिलेल्या इओसिनोफिलयुक्त शोथातही तो वाढतो. दोन वेगांमधील काळात दम्याच्या रुग्णाची स्पायरोमेट्री पूर्ण निर्दोष असू शकते. यंत्रात युरोपीय लोकांची अपेक्षित मूल्ये भरलेली असतील, तर आपल्या निरोगी माणसाचे फुफ्फुसही लहान ठरते. निकषही बदलत असतात : औषधानंतर १२ टक्के व २०० मिलिलिटर सुधारणा हा वर्षानुवर्षांचा नियम २०२१ मध्ये अमेरिकी व युरोपीय संस्थांनी बदलला. ज्या रुग्णास नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्याचे डोळ्याचे, छातीचे वा पोटाचे ऑपरेशन अलीकडे झाले आहे, ज्याच्या खोकल्यातून रक्त पडते, त्याला जोराच्या फुंकरीच्या परीक्षेस पाठवू नये. याचा विवेक यंत्र करीत नाही, वैद्यानेच करावयाचा असतो.

दोषांशी सांगड घालण्याचा मोह

या ठिकाणी आम्हांस आपल्याच वर्गातील एका प्रवृत्तीविषयी बोलणे भाग आहे. नवे यंत्र आले की त्याच्या आकड्यांना दोषांची नावे देण्याचा मोह आपणांस होतो. अमुक आकड्याच्या वर कफज, खाली वातज, असे तक्ते तयार व्हावयास वेळ लागत नाही. त्यास आधार नाही. नायट्रिक ऑक्साइड एका विशिष्ट शोथाविषयी सांगतो. कफाच्या गुणांविषयी, आमाविषयी, अग्नीविषयी तो काहीही सांगत नाही. कफ घन व स्निग्ध आहे की सुटत नाही, स्वर फुटक्या काशाच्या भांड्यासारखा आहे की नाही, पार्श्वशूल आहे काय, ज्वर व बलक्षय आहे काय, हे पाहूनच कासाचा प्रकार ठरेल. दोन शास्त्रांच्या परिभाषा शेजारी ठेवून काम करता येते. त्या एकमेकींत बळेच कालविल्या, तर दोन्हींचे नुकसान होते.

आक्षेपांचा विचार

खर्चाचा आक्षेप खरा आहे. नायट्रिक ऑक्साइडची परीक्षा मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांतच होते, आणि प्रत्येक रुग्णास ती सांगणे अन्यायाचे ठरेल. जेथे उत्तराने चिकित्सा बदलणार नाही, तेथे परीक्षा सांगू नये. पीक फ्लो मीटर मात्र प्रत्येक चिकित्सालयाच्या टेबलावर असण्यास अडचण नसावी. प्रत्येक रुग्णास स्वतंत्र मुखनलिका वापरावी. २०२० च्या साथीनंतर याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप असा की, परीक्षेस पाठविलेला रुग्ण इनहेलरच घेऊन येतो आणि आपल्याकडे परतत नाही. औषध कंपन्यांच्या साहाय्याने भरणाऱ्या मोफत तपासणी शिबिरांबाबत हा संशय अगदीच निराधार नाही. परंतु रुग्ण जाईल या भीतीने निदान टाळणे, हे वैद्याला शोभणारे नाही. ज्याला दमा आहे हे सिद्ध झाले, त्याचा इनहेलर आपल्या सांगण्यावरून अचानक बंद होता कामा नये. इनहेलर चालू ठेवून आपली चिकित्सा, पथ्यापथ्य, ऋतुचर्या व योग्य काळी शोधन यांचा विचार करता येतो, आणि मात्रा कमी करणे झाल्यास ते संबंधित डॉक्टरांच्या सल्ल्याने व परीक्षांच्या आधारे व्हावे.

आपल्या औषधांचीही परीक्षा

आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हाच. कंटकारी, वासा, यष्टिमधु, तालीसादी यांचा अनुभव आपल्या सर्वांच्या गाठी आहे. वसंतातील वमनानंतर तमक श्वासाचे वेग कमी झालेले आपण पाहतो आणि सभा-संमेलनांत सांगतोही. परंतु "रुग्णास उपशय मिळाला" एवढ्या शब्दांवर आपल्या बाहेरचा कोणी किती काळ विश्वास ठेवील ? चिकित्सेपूर्वी दोन आठवड्यांची पीक फ्लोची वही, चिकित्सेनंतर पुन्हा दोन आठवड्यांची वही, आणि शक्य तेथे दोन्ही वेळा स्पायरोमेट्री, एवढी नोंद जरी ठेवली, तरी आपल्या अनुभवाला पुराव्याचे वजन येईल. काही वेळा आकडे आपल्या समजुतीविरुद्ध जातील. खोकला थांबला, रुग्ण समाधानी आहे, पण अवरोध तसाच आहे, असे दिसेल. ते आपणांस कळणे, हे रुग्णाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ज्या शास्त्राने उपशय आणि अनुपशय ही रोगज्ञानाची साधने मानली, त्या शास्त्राच्या अनुयायांनी अनुपशयाची नोंद करण्यास संकोचू नये.

वैद्य बंधुभगिनींना आमची विनंती अशी आहे. दोन आठवड्यांच्या खोकल्यात बेडका व एक्स-रे यांचा आग्रह धरावा. रुग्णाच्या चालू औषधांची पाकिटे स्वतः पाहावीत. आठ आठवडे उलटले आणि कारण सापडले नाही, तर स्पायरोमेट्री सांगावी. ती निर्दोष येऊनही रात्री-पहाटेचा खोकला असेल, तर पीक फ्लोची वही भरून घ्यावी, आणि सोय असेल तेथे नायट्रिक ऑक्साइडची परीक्षा करावी. वजन घटणे, रक्त पडणे, स्वर बसून राहणे यांपैकी काही असेल, तर श्वासपरीक्षांत वेळ न घालविता तज्ज्ञाकडे पाठवावे. परीक्षेस पाठविताना चिठ्ठीत आपला संशय एका वाक्यात लिहावा. ज्या दिवशी आपणांस ते वाक्य लिहिता येणार नाही, त्या दिवशी परीक्षा सांगण्याआधी रुग्णाला पुन्हा एकदा समोर बसवून प्रश्न विचारावेत.